अण्णा गेले, धावा

“मास्तर, ह्याला तुम्ही चहा म्हणता?” थोरल्या अण्णांनी कप तोंडापासून हातभर लांब धरून विचारलं.

“थिएटरचा चहा आहे, अण्णा,” मी म्हणालो. “अंधारातून बाहेर आलेल्या माणसाला एवढा पुरतो.”

“मी उजेडातनं आलोय,” असं म्हणून अण्णांनी कप टेबलावर ठेवून दिला. “त्यो कुठं हाय?”

‘त्यो’ म्हणजे मल्लाप्पा शेटे, अण्णांचे सख्खे धाकटे भाऊ आणि नांदसरीच्या जयमल्ल टॉकीजचे मालक. ते आमच्या डोक्यावरच, माडीवरच्या बॉक्समध्ये, आतून कडी लावून दुपारचा खेळ बघत बसले होते. थोरला भाऊ खाली ऑफिसात येऊन बसलाय, हे त्यांना मीच वर जाऊन सांगितलं होतं. दाराच्या फटीतून उत्तर आलं होतं, “पिक्चर संपस्तवर बसा म्हणावं. आणि मास्तर, परत दार वाजवलंसा तर माझ्यासारखा वाईट न्हाई.”

हे अण्णांना कोणत्या शब्दांत सांगावं याची मी जुळवाजुळव करत होतो. “येतीलच एवढ्यात. जरा मशीनचं काम निघालंय,” असं मी म्हटलं, आणि नेमका त्याच क्षणी वरून मल्लाप्पांच्या हसण्याचा गडगडाट ऐकू आला. अण्णांनी छताकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी टेबल पुसायला घेतलं.

या दोन भावांचा कित्येक वर्षांचा अबोला होता आणि त्याला कारण हे थिएटरच होतं. इमारत मुळात त्यांच्या वडिलांची तंबाखूची वखार. वडिलांच्या माघारी अण्णा म्हणाले, वखार चालू ठेवू. मल्लाप्पा म्हणाले, टॉकीज काढू. मग अण्णा काशीला गेलेले असताना मल्लाप्पांनी तंबाखूची पोती बाहेर काढून आत पडदा लावला, आणि अण्णा गंगाजल घेऊन परत आले ते थेट उद्घाटनाच्या सनईवर. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. वखार मात्र कागदोपत्री दोघांच्या नावावर होती ती तशीच राहिली.

तंबाखूही तशीच राहिली. भिंतींत मुरलेला तिचा खकाणा पंखे सुरू झाले की खाली उतरायचा, आणि पडद्यावर नायकाची आई शेवटचे श्वास मोजत असताना सगळं थिएटर शिंका देत डोळे पुसायचं. परगावचा पाहुणा पहिल्यांदा आला की त्याला वाटायचं, नांदसरीचे लोक फार हळवे आहेत. आम्हीही त्याचा तो समज मोडत नव्हतो.

त्या वर्षी छपराच्या पत्र्यांची चाळण झाली होती. दुपारच्या खेळाला पडद्यावर उन्हाचे ठिपके पडत आणि गोरीपान नायिका देवीचे व्रण उठल्यासारखी दिसे. पावसाळ्याआधी छप्पर बदला, नाहीतर परवाना विसरा, असं नगरपालिकेनं बजावलं होतं. छप्पर बदलायला दोन्ही भावांच्या सह्या लागत होत्या. मल्लाप्पा अण्णांकडे सही मागायला मेले तरी जाणार नव्हते, म्हणून मध्ये मी पडलो होतो.

मी का पडलो, ते सांगायला हवं. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. माझी चित्रं नांदसरीत कुणी विकत घेतली नाहीत, आणि एकदा मी फुकट देऊ केली तर लोकांनी घरात जागा नसल्याचं सांगितलं. पण जयमल्ल टॉकीजमध्ये काचेच्या स्लाइडी लिहायचं काम माझ्याकडे होतं. काचेची चौकोनी पट्टी कंदिलावर धरून काजळीनं काळी करायची, सुईनं त्यावर अक्षरं कोरायची आणि मशीनशेजारच्या दिव्यासमोर सरकवायची. पडद्यावर ती अक्षरं हातहातभर उमटत. त्या काळी गावात फोन दोन-तीनच होते. कुणाला घरून बोलावणं आलं की निरोप माझ्याकडे यायचा आणि मी तो पडद्यावर लिहायचो. अख्खं गाव अंधारात गप्प बसून माझं अक्षर वाचायचं. एवढं भाग्य मोठमोठ्या कवींनाही लाभत नसेल, असं मी स्वतःला रोज सांगत असे.

काच लहान, म्हणून मजकूर थोडका. या थोडक्यातच माझी सगळी कला होती. ‘दाजी माने, म्हैस व्यायली.’ ‘डॉक्टर, बाहेर या.’ माझी सगळ्यात गाजलेली स्लाइड म्हणजे ‘पोस्टमास्तर, किल्ली.’ फक्त दोन शब्द! पोस्टमास्तर खुर्चीतून उडून धावत सुटले होते. त्या दोन शब्दांवर मी वर्षभर गावात छाती काढून फिरलो. थिएटर बंद पडलं तर मी पुन्हा नुसता ड्रॉइंग मास्तर उरणार होतो, पोरांच्या वहीत केळी आणि कपबशी तपासणारा. मला ते छप्पर मालकापेक्षा जास्त हवं होतं.

म्हणून मी अण्णांच्या घरी चपला झिजवल्या. शेवटी ते म्हणाले होते, “येतो मी. पण त्यानं माझ्यासंगट तोंडानं बोलाय पायजे. एक शब्द बोलू दे, मी सही करतो.”

एका शब्दाचा तर प्रश्न होता, आणि कमी शब्दांत काम भागवणारा गावात माझ्याइतका दुसरा कोण होता? पण तो शब्द वर बॉक्समध्ये कडी लावून बसला होता.

वरून दुसऱ्यांदा हसू आलं तेव्हा अण्णा उठले. त्यांनी टोपी नीट केली, काठी घेतली.

“मास्तर,” ते म्हणाले, “त्याला सांगा, मी गेलो.”

आमच्याकडे माणूस भांडून निघाला तरी ‘येतो’ म्हणून निघतो. अण्णा ‘गेलो’ म्हणाले तेव्हाच मी समजलो, हे पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाहीत. मी त्यांच्या पुढे झालो, हात जोडले, पण काठीनं मला हळूच बाजूला करून ते उन्हात चालते झाले.

आता वर जाऊन दार वाजवावं तर मल्लाप्पांचा दम होता. पण मला दार कशाला हवं होतं? माझ्याकडे पडदा होता. अण्णा चावडीच्या वळणाला पोचायच्या आत मल्लाप्पा त्यांना गाठू शकले असते. मी काच काजळली, सुई घेतली आणि आयुष्यातली सर्वांत वेगवान स्लाइड लिहिली:

‘मल्लाप्पा, अण्णा गेले. धावा.’

घाईतही ‘ण्ण’ असा देखणा उतरला होता की मी क्षणभर बघतच राहिलो. मग मशीनच्या खोलीत पळालो.

आमचा ऑपरेटर बाबालाल मुल्ला. त्यानं काच दिव्यापुढे धरून वाचली आणि त्याचा चेहराच उतरला. मला वाटलं, मशीनच्या दिव्यातल्या कार्बनचा धूर डोळ्यांत गेला असेल.

“कवा गेले?” त्यानं विचारलं.

“आत्ता. माझ्यासमोर.”

“हितं? हापिसात?”

“हो. खुर्चीतच बसले होते. चहासुद्धा घेतला नाही धड.”

“काय बोलले का जाताना?”

“मल्लाप्पाला सांगा, मी गेलो, एवढंच म्हणाले.”

“सोताच्या तोंडानं?” बाबालालनं दोन्ही हात कानांना लावले.

“मग काय दुसऱ्याच्या? बाबालाल, वेळ घालवू नकोस, लाव ती!”

“लई मोठा माणूस,” असं पुटपुटत बाबालालनं मशीन थांबवलं आणि स्लाइड सरकवली.

पडदा काळा झाला. त्यावर माझी अक्षरं उमटली, हातहातभर, ठसठशीत. थिएटरात एकही शिंक आली नाही. मला त्या शांततेचा अभिमान वाटला हे मी आज लपवून काय उपयोग? मग वरच्या बॉक्समधून एक आवाज आला. माणसाचा आवाज असा निघतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

“अण्णाऽऽ!”

कडी काढायचंही भान न राहिल्यामुळे मल्लाप्पांनी दार आतून मोडलं. ते जिन्यावरून अनवाणी धडपडत खाली आले, डोक्यावरची टोपी कुठेतरी पडली होती. खाली लोक उभे राहिले होते. बाया तोंडाला पदर लावून रडत होत्या. आणि तेव्हा, सगळ्या गावाच्या नंतर, मला माझ्या स्लाइडचा अर्थ कळला.

मी जिन्याखाली मल्लाप्पांना आडवा झालो. “मालक, ऐका! तसे नाही हो गेले! ते घरी गेले!”

“घरी न्हेलं व्हय?” ते हुंदका देऊन म्हणाले. “बरं केलंसा मास्तर.”

“नेलं नाही, स्वतः गेले! उठून गेले!”

“बसल्या जाग्यावरनं उठून गेले,” मागं कुणीतरी दुसऱ्याला समजावून सांगितलं. “कुणाला तरास न्हाई दिला.”

“अहो, मला सांगून गेले!” मी ओरडलो.

“आधी कळालं हुतं त्यास्नी,” एक म्हातारी म्हणाली आणि तिनं तिथूनच अण्णांच्या घराच्या दिशेनं नमस्कार केला. “पुण्यवान.”

मी आणखी दोन-तीन वाक्यं बोललो असेन. पण मराठी भाषा त्या दिवशी माझ्या बाजूनं नव्हती. मी जे जे म्हणालो त्यानं अण्णा अधिकच मेले. शेवटी ‘चांगले चालत गेले’ असं मी म्हटलं, तेव्हा एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवून, “चालता बोलता जाणं नशिबात लागतं, मास्तर,” असं माझंच सांत्वन केलं.

सगळं थिएटर रस्त्यावर आलं. पुढे मल्लाप्पा, त्यांना दोन्हीकडून धरलेलं, मागे तिकीट काढून आलेले सगळे. समोरच्या फुलवाल्यानं न विचारता मोठा हार कुणाच्या तरी हातात दिला. चावडीशी आणखी माणसं मिळाली. मी सगळ्यांत मागे, कुठल्या बोळात शिरून गाव सोडावं याचा अंदाज घेत चाललो होतो.

चावडीच्या पुढं, पंचाक्षरीच्या पानाच्या दुकानातून एक गृहस्थ बाहेर आले. मयताची माणसं बघून त्यांनी तोंडातलं पान थुंकलं, टोपी काढून हातात घेतली आणि मान खाली घालून माझ्या शेजारनं चालू लागले.

“कोण गेलं हो, मास्तर?” त्यांनी हळूच विचारलं.

मी बघितलं.

“आपण, अण्णा,” मी म्हणालो.

अण्णांनी हातातली टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. “मी?”

“हो. म्हणजे, तुम्ही गेलो म्हणालात ना, ते मी स्लाइडवर लिहिलं. आणि लोकांनी…”

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की ती काठी आता आपल्या डोक्यात बसणार असं मला वाटलं. तेवढ्यात मिरवणूक त्यांच्याच दाराशी थांबली आणि पुढून मल्लाप्पांचा आवाज आला. मी तोंड उघडलं, “थांबा, अण्णा हे इथं…” असं ओरडणार, तोच अण्णांनी माझं मनगट धरलं.

“गप ऱ्हावा,” ते म्हणाले. “ऐकू द्या.”

पार्वताक्का, अण्णांच्या पत्नी, पिठाच्या हातांनी दारात आल्या होत्या. मल्लाप्पा त्यांच्या पायांवर पडले होते.

“वैनी, मी पोरका झालो गं! मला पवायला शिकिवलं त्यानं. हिरीत पोटाखाली हात घालून धरायचा. मी म्हणायचो, अण्णा, हात काढू नगंस. न्हाई काढला त्यानं कधी. मीच हात झिडकारला, वैनी! आज हापिसात येऊन बसला तरी मी खाली आलो न्हाई. एक शब्द बोललो असतो तर माझं काय जात हुतं?”

“भावजी, काय बोलताय ह्ये?” पार्वताक्का घाबरून म्हणाल्या. “ते तर तुमच्याकडंच आलेत न्हवं? कुठं हाईत ते?”

माझं मनगट सुटलं. अण्णा गर्दीतून वाट काढत पुढं गेले. ज्याच्या त्याच्या अंगावर शहारे आले, एकदोघांनी तर चक्क पाया पडून घेतलं. अण्णा भावाच्या मागं जाऊन उभे राहिले.

“मल्ल्या,” ते म्हणाले. “ऊठ.”

मल्लाप्पांनी वळून बघितलं. मग ते दोघे म्हातारे एकमेकांना मिठी मारून जे रडले, ते बघून मीही रडलो, फुलवाला रडला, आणि ज्यांना अजून काहीच समजलं नव्हतं तेही रडले. प्रेतासाठी आणलेला हार हातात अवघडून धरलेल्या माणसानं तो शेवटी अण्णांच्या गळ्यात घातला. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. पार्वताक्कांनी सगळ्यांना चहा ठेवला. तो थिएटरच्या चहापेक्षा नक्कीच बरा होता.

मला मारायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. उलट चार दिवसांत माझी कीर्ती आसपासच्या गावांत पसरली. दोन भावांचं वैर तीन-चार शब्दांत मिटवलं, हे मास्तरांचं डोकं, असं लोक म्हणू लागले. मीही ‘थोडी युक्ती केली’ असं म्हणून गूढ हसायला शिकलो.

पुढच्या रविवारी मला अण्णांच्या घरून बोलावणं आलं. सोप्यात दोघे भाऊ एकाच घोंगडीवर बसून एका ताटात शेंगा सोलत होते.

“या मास्तर,” अण्णा म्हणाले. “आमची आई आज असती तर तिनं तुम्हाला ओवाळलं असतं. मागा, काय पायजे ते.”

मी त्याचीच वाट बघत होतो. “मला काही नको, अण्णा. छपराच्या कागदावर तेवढी सही द्या.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघेही हसले, लहान पोरं हसतात तसे.

“छप्पर कशाला आता?” मल्लाप्पा म्हणाले. “इकून टाकायचं ठरलंय. सांगलीचा व्यापारी हाय, दुकानं बांधणार म्हणतोय.”

“विकणार?” मी म्हणालो. “पण मालक, तुमचं सिनेमाचं वेड… तुम्ही एकही खेळ चुकवत नव्हता!”

“कसलं वेड, मास्तर! मला त्यातलं ढेकळं कळत न्हाई. अण्णाला नगं हुतं म्हणून चालिवलं. आणि बॉक्समधी का बसायचो सांगू? त्याच्या मागल्या खिडकीतनं ह्या घराचं अंगण दिसतंय. अण्णा दुपारी हितं खाट टाकून पडायचा. बघत बसायचो. त्यादिशी हसलो त्येबी अण्णाला खाली ऐकू जावं म्हणून.”

अण्णा शेंगेकडे बघत म्हणाले, “मीबी वाटणी मागितली न्हाई ती तेवढ्यासाठीच. मी हिस्सा मोडून मोकळा झालो असतो कवाच. पण मग ह्याचं नि माझं नाव एका कागदावर कुठं ऱ्हायलं असतं? आता काय, ह्यो हितंच जेवतोय रोज.”

ते दोघे सुखात होते. मी मात्र मनातल्या मनात हिशेब मांडला. या थिएटरला इतकी वर्षं सिनेमानं नाही, त्या दोघांच्या अबोल्यानं उभं धरलं होतं, आणि तो अबोला मी स्वतःच्या हातानं, सुईनं कोरून मोडला होता. गावात अजून लोक म्हणतात की जयमल्ल टॉकीज टीव्हीमुळे बंद पडलं. मी ते खोडून काढत नाही. टीव्ही नांदसरीत त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला.

खरेदीखताच्या दिवशी साक्षीदार कोण घ्यायचा यावर दोघा भावांचं एकमत होतं. “मास्तरच पायजेत,” अण्णा म्हणाले. “त्यांच्यामुळंच तर ह्यो दिवस आला.” रजिस्ट्रारच्या कचेरीत मल्लाप्पांनी मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. दोघांच्या सह्या झाल्या, कावळ्याचे पाय चिमणीचे पाय. मग कागद माझ्याकडे आला.

मी सही केली. वाईट काढावी म्हटलं तरी माझ्या हातून वाईट अक्षर निघत नाही. कारकुनानं कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाला, “वा, मास्तर! मोत्यासारखं अक्षर आहे तुमचं.”

माझ्या डोळ्यांना धार लागली. दोघा भावांना वाटलं, मास्तरांना त्यांच्या एकीनं भरून आलंय. मल्लाप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्यापुढे केला, आणि मी तो घेतला.